सामाईक गाडी

"वहिनी, त्याले सांगून द्या, गाडीच्या खिडक्यांले वाळा मी लावून राहिलो. त्यानं हात लावाचं काम नाई."

दिवाकरभाऊजी हे मला सांगत होते तेव्हा 'तो', म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ उद्धव, त्याच अंगणात, त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसून चाकाचे नट आवळत होता. दोघांच्या मध्ये फक्त गाडी. आवाज रस्त्यापर्यंत जात होता. तरी मी हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले, गाडीला वळसा घातला आणि म्हटलं, "उद्धवभाऊजी, वाळा दिवाकरभाऊजी लावून राहिले."

"हाव, ऐकलं," उद्धवभाऊजी मान वर न करता म्हणाले. "त्याले म्हणाव, लाव. पण मागची काच मोकळी ठेव. आरशात दिसलं पाहिजे मागचं."

मी पुन्हा वळसा घातला.

हसू नका. चार वर्षं मी हेच करत होते. माझे दोन्ही दीर एका अंगणात राहत, एका नळाचं पाणी पीत, एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याच्या घरी शिंक येई, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. जे काही असेल ते माझ्यामार्फत. विजेचं बिल, विहिरीवरच्या पंपाची पाळी, दिवाकरभाऊजींच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. ते आमंत्रण मी हळदकुंकू लावून अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला नेलं होतं, आणि 'येतो म्हणावं' हा निरोप घेऊन परत आले होते. भांडणही माझ्यामार्फतच. एकानं रागानं काही म्हटलं की मी त्यातलं कडू गाळून, उरलेलं कोमट करून दुसऱ्याला द्यायची. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीला निदान कातरल्यावर सुटका असते. मला तीही नव्हती.

माझे मालक, म्हणजे या दोघांचे थोरले भाऊ, एका वैशाखात गेले. तेरावं होण्याआधीच दोघांचं बोलणं बंद पडलं. पुढच्या वर्षी वाटणी झाली. गावाला वाटलं, वाटणीवरून बिनसलं असेल. खामगावच्या लोकांना वाटणीपलीकडे भांडणाचं दुसरं कारण सुचतही नाही. पण वाटणी तर इतकी सुरळीत झाली की पंचांनी चहासुद्धा अर्धाच प्यायला. शेत वाटलं, घर वाटलं, तांब्यापितळेची भांडी वाटली, सासूबाईंचं जातंसुद्धा एकाला खालची तळी आणि एकाला वरची पाळ असं करायची वेळ आली नाही, कारण मीच म्हटलं, ते माझ्याकडे राहू द्या.

अडली ती फक्त गाडी. पांढरी, जुनी, आमच्या मालकांनी हौसेनं घेतलेली. ती घ्यायला दोघंही तयार नाहीत आणि विकायलाही तयार नाहीत. मी एकदा म्हटलं, गिऱ्हाईक पाहून देऊन टाका, कटकट नको. दोघांनी दोन दिशांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. शेवटी पंचांनी कागदावर लिहिलं, गाडी सामाईक. चावी थोरल्या वहिनींच्या घरी. गाडी सामाईक राहिली आणि तिच्यासोबत मीही सामाईक राहिले.

अंथरुणाला पाठ टेकली की कधी कधी मी आठवून पाहायची, आज दिवसभरात मी स्वतःचं असं एक तरी वाक्य बोलले का? बहुतेक दिवशी सापडायचं नाही.

म्हणून मी ठरवलं होतं. माझी लेक रंजना सांगलीला दिलेली. ज्येष्ठात तिचं बाळंतपण. ती फोनवर म्हणाली होती, आई, बाळंतपणाला ये आणि आता परत जाऊच नकोस, तिथं तुझं काय अडलंय? मी विचार केला. मी हो म्हटलं. दिरांना मात्र एवढंच सांगितलं की बाळंतपणाला जाते. पुढचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकाला आधी सांगावं लागलं असतं आणि दुसऱ्यानं त्यावरून रुसवा धरला असता. त्यापेक्षा तिकडे पोचून पत्र टाकू, दोघांना वेगवेगळी, एकाच दिवशी, असा माझा बेत होता.

मी एसटीनं जाणार होते. पण सकाळी दिवाकरभाऊजी आले. ते शाळेत मास्तर होते, बोलणं नेहमी फळ्यावर लिहिल्यासारखं. म्हणाले, एवढ्या उन्हाची एसटी नको, गाडीनं नेतो, मी आता सुट्टीतच आहे. ते गेले तसे उद्धवभाऊजी आले. त्यांचं बियाणं-खताचं दुकान होतं, आणि पेरणीच्या आधीचे दिवस म्हणजे त्यांना मरायला सवड नसते. तेही म्हणाले, वहिनी, दुकान पोऱ्या पाहील, गाडीनं नेतो. मी म्हटलं, दिवाकरभाऊजी नेणार म्हणतात. तर म्हणाले, "मग मीबी येतो. लांबचा रस्ता आहे. एकट्याच्या हातात गाडी द्यायची नाई."

हा निरोप मी पलीकडे कोमट करून दिला. पलीकडून उत्तर आलं, "येऊ दे. पण बीडपर्यंत मी चालवीन. बीडच्या पुढं त्यानं."

म्हणजे शेतासारखा रस्ताही वाटला. बीडच्या अलीकडचा याचा, पलीकडचा त्याचा. मी कपाळावर हात मारला आणि बरं म्हटलं.

मग गाडीची तयारी सुरू झाली. तुम्हाला वऱ्हाडचा वैशाख माहीत नसेल तर सांगून कळायचा नाही. सकाळी आठनंतर दाराची कडी हाताला चटका देते. अशा दिवसांत तीनशे-साडेतीनशे मैलांची मजल मारायची तर गाडीला नवरीसारखं सजवावं लागतं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यावर शिंपडायला पाणी. टपावर ओलं गोणपाट. पुढच्या बंपरला छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्यानं तिच्यातलं पाणी माठासारखं गार होतं. पिशवीत कांदे, बाटलीत पन्हं, डोक्याला पांढरे दुपट्टे. एवढं सगळ्यांचंच असतं. आमच्याकडे ते दुप्पट झालं.

दिवाकरभाऊजींनी छागल आणून टांगली. दुपारी पाहते तर शेजारी दुसरी. एकानं पुढच्या काचेपाशी लिंबू-मिरची बांधली, संध्याकाळी दुसऱ्यानं बांधली. पंख्याचा जादा पट्टा एकानं डिकीत ठेवला, तर दुसऱ्यानं सीटखाली. कांदे तर इतके झाले की मी म्हटलं, वाटेत एखादं हॉटेल काढायचं आहे का? दिवाकरभाऊजी एकदा गाडी घेऊन गेले, म्हणे धुऊन आणतो. दुसऱ्या दिवशी उद्धवभाऊजी घेऊन गेले, म्हणे हवा भरून आणतो. दोघंही जाताना मला हळूच सांगून गेले, त्याले सांगू नका.

शिवाय दोघांनाही एक खोड लागली होती. येताजाता बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण काढायचं, आत डोकवायचं, झाकण लावायचं. एक जाऊन आला की थोड्या वेळानं दुसरा. उद्धवभाऊजी तर जेवणाच्या ताटावरून उठून पाहून आले, छायानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला नंतर सांगितलं. मला वाटलं, चढाओढ. मी मनात म्हटलं, करा बाबांनो काय करायचं ते. माझे थोडेच दिवस उरलेत.

मी माझं सामान बांधत होते. दोन ट्रंका, एक वळकटी, लोणच्याच्या बरण्या, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं बाळासाठी. आणि देवघरातले टाक लाल फडक्यात गुंडाळून साड्यांच्या मध्ये. ते मी दार लावून बांधले.

पहाटे निघालो. दिवाकरभाऊजी चाकावर, उद्धवभाऊजी त्यांच्या शेजारी, मी मागे ट्रंकेला टेकून. दोन जावा फाटकापाशी उभ्या होत्या. मी मागे वळून घराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

चिखली येईपर्यंत कोणीच बोललं नाही. मला वाटलं, बरं झालं, असंच सांगलीपर्यंत जाऊ. पण चिखलीच्या पुढं चढणीचं वळण आलं आणि उद्धवभाऊजी समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "वहिनी, त्याले म्हणाव, गिअर बदल."

दिवाकरभाऊजींच्या कोपराला त्यांचं कोपर लागत होतं. मी काय सांगणार? तरी सवयीनं तोंडातून निघालंच, "दिवाकरभाऊजी, गिअर बदला."

"त्याले म्हणाव, मी आंधळा नाई."

"उद्धवभाऊजी, ते आंधळे नाहीत म्हणतात."

असं देऊळगाव राजापर्यंत. मग जालन्यापर्यंत. ऊन चढत गेलं. वाळ्यावर शिंपडलेलं पाणी शिंपडता शिंपडता वाळत होतं. दर थोड्या अंतरानं गाडी थांबायची, दिवाकरभाऊजी उतरून रेडिएटर पाहायचे, ते बसले की उद्धवभाऊजी उतरून पाहायचे. एका टपरीवाल्यानं मला विचारलं, बाई, गाडी आजारी आहे का? मी म्हटलं, गाडी नाही बाबा.

जालना सोडलं आणि गाडीचा आवाज बदलला. आधी वास आला, तव्यावर तेल जळल्यासारखा. मग मागं पाहिलं तर निळा-पांढरा धूर, इतका की पाठीमागचा ट्रक दिसेना. दिवाकरभाऊजींनी गाडी कडेला घेतली, ती घेता घेताच बंद पडली. अंबड अजून बरंच पुढं. रस्त्याकडेला एक कडुनिंब, त्याचीही निम्मी पानं गळलेली. त्याखाली माझी वळकटी टाकून मला बसवलं.

दोघांनी बॉनेट उघडलं. आणि मी पाहिलं, दोघांचेही हात एकाच वेळी रेडिएटरकडे गेले. झाकण तापलेलं होतं. दिवाकरभाऊजींनी दुपट्टा गुंडाळून ते जपून थोडं फिरवलं, वाफ जाऊ दिली, मग काढलं. आत पाणी काठोकाठ. त्यांनी डोळे मिटून घेतले. उद्धवभाऊजी मडगार्डला हात टेकून उभे राहिले.  

मग दिवाकरभाऊजींनी तेलाची कांडी ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. खुणेच्या कितीतरी वरपर्यंत तेल. इंजिनवर सगळीकडे तेलाचा चिकटा. त्यांनी ती कांडी तशीच हातात धरून माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, याले विचारा, तेल यानं टाकलं का?"

मी बसल्या जागी होते. घाम डोळ्यांत उतरत होता. जिभेला कोरड पडली होती. आणि मला एकदम कळलं की माझ्याच्यानं आता होत नाही. राग आला होता असंही नाही. भरलेली घागर डोक्यावरून उतरवावी आणि पुन्हा उचलायला हात वर जाऊ नयेत, तसं झालं.

मी म्हटलं, "मी नाही विचारत. ते तुमच्यापासून हातभर अंतरावर उभे आहेत."

"वहिनी..."

"नाही भाऊजी. चार वर्षं विचारलं. आता नाही."

एक ट्रक गेला, धूळ उडाली, खाली बसली. दिवाकरभाऊजींनी कांडी पुन्हा पुसली. शेवटी अगदी हळू, जणू परक्याला पत्ता विचारावा तसं म्हणाले, "टाकलं होतं तू?"

"टाकलं," उद्धवभाऊजी म्हणाले. "हवा भराले गेलो तवा. तू?"

"मी आदल्या दिवशी. जुनं काढून नवं भरलं. वरून आणखी थोडं टाकलं, रस्ता लांबचा म्हणून." मग थांबून म्हणाले, "कांडी नाई पाह्यली तू?"

"पाह्यली. भरेल दिसलं. तरी टाकलं."

"काहून? माह्यावर भरोसा नव्हता?"

"तुह्यावर नाई." उद्धवभाऊजींचा आवाज फाटला. "माह्यावर नव्हता, दादा. मी पाहतो, अन् मांगं फिरलो की मले आठवतच नाई, पाह्यलं का नाई पाह्यलं. मंग पुन्हा पाहतो. मंग वाटते, कमी असन. टाकून देतो."

'दादा' हा शब्द मी चार वर्षांनी ऐकला.

आता सांगते. चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात भर दुपारी आमच्या मालकांच्या छातीत दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरनं अकोल्याला न्या म्हटलं. हीच गाडी काढली. दिवाकरभाऊजी चालवत होते, उद्धवभाऊजी पुढे, मागे माझ्या मांडीवर यांचं डोकं. बाळापूरच्या पुढे बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि गाडी थांबली. रेडिएटर कोरडा. ठणठणीत कोरडा. आदल्या दिवशी गाडी उद्धवभाऊजींनी फिरवली होती, म्हणून दिवाकरभाऊजींना वाटलं, त्यानं पाणी पाहिलं असेल. रोज सकाळी गाडी पाहायची सवय दिवाकरभाऊजींची, म्हणून उद्धवभाऊजींना वाटलं, दादानं पाहिलं असेल. आम्ही उन्हात उभे राहून हात केले. गाड्या थांबेनात. शेवटी एका टेम्पोनं घेतलं. अकोल्याला पोचलो तेव्हा डॉक्टरनं नाडी पाहिली आणि म्हणाला, जरा आधी आणायचं होतं.

तो बिचारा रोज दहा जणांना हेच म्हणत असेल. पण त्या दिवसापासून हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटायचं, हा त्याच्यावर ढकलतो आणि तो याच्यावर, आणि कोणाच्याही तोंडून ते उघड निघू नये म्हणून गप्प आहेत. मी कधी विचारलं नाही. एकाला विचारलं असतं तर दुसऱ्याकडे बोट गेलं असतं, आणि घरात मग काय उरलं असतं?

आता त्या कडुनिंबाखाली बसून मी ऐकत होते, आणि भांडण भलतंच निघालं.

"त्या दिवशी पाणी पाहणं माह्यं काम होतं," दिवाकरभाऊजी म्हणत होते. "रोज पाहत जाय मी. त्या दिवशी घाईत नाई पाह्यलं."

"गाडी आदल्या दिवशी माह्याजवळ होती. येताना गरमीचा काटा वर गेलता, मले दिसलं होतं. म्हटलं, सकाळी पाहू."

"तू लहान होता. चाक माह्या हाती होतं."

"दादा, मले दिसलं होतं!"

दोघंही तो दोष आपल्याकडे ओढत होते. इतकी वर्षं एकमेकांचा राग नव्हताच. एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची लाज होती. दिवाकरभाऊजींच्या हातातली कांडी गळून पडली. उद्धवभाऊजी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. दिवाकरभाऊजी त्यांच्या पाठीवर तेलकट हात फिरवत होते आणि म्हणत होते, चुकलं माह्यं, माफ कर. हा म्हणे, तू मले माफ कर.

कोणालाही वाटेल, मला बरं वाटलं असेल. चार वर्षांचा अबोला सुटला, सुंठीवाचून खोकला गेला. पण मला सांगायला हवं, माझ्या अंगाची आग झाली. हे दोघं एकमेकांना माफ करत होते. एकमेकांची माफी मागत होते. आणि मी दहा पावलांवर, कडुनिंबाखाली, कपाळावर पदर ओढून बसले होते, जणू कोणी वाटसरू बाई सावलीला टेकली आहे.

मी उठले. वळकटीवरून उठायलाही मला वेळ लागला. त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"भाऊजी," मी म्हटलं, "माफी एकमेकांची कशाला मागता? नवरा माझा गेला."

दोघंही दचकून वेगळे झाले. मी आवाज चढवला नव्हता. तेवढं बळच नव्हतं.

"सगळे निरोप तुम्ही माझ्याजवळ दिले. पंपाचे, बिलाचे, आमंत्रणाचे. हा एक निरोप माझा होता. हा मला दोघांपैकी कोणी दिला नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं, भाऊजी. हे मला विचारत होते, गाडी का थांबली. मी काय सांगू?"

दिवाकरभाऊजी तापलेल्या डांबरावर खाली बसले. मास्तर माणूस, इस्त्रीचं धोतर, तसेच बसले.  उद्धवभाऊजीच बोलले.

"वहिनी, आमच्या हातून गेला आमचा भाऊ. तुमचं कुकू आमी पुसलं. हे तुमाले सांगाले तोंड नव्हतं."

"हाव," दिवाकरभाऊजी म्हणाले. तेवढंच.

या वाक्याची मी किती वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं ते मी अनेकदा मनात जुळवून ठेवलं होतं, चांगलं झोंबेल असं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. माफ केलं असंही आलं नाही. खोटं कशाला सांगू? मी एवढंच म्हणाले, "मला ऐकायचं होतं. ऐकलं. आता पाणी प्या दोघं, ऊन लागेल."

त्यांनी छागलीतलं पाणी प्यायलं. एकानं ओतलं, दुसऱ्यानं ओंजळ धरली. मग इंजिन निवायची वाट पाहिली. जादा कांदे ठेवलेलं माझं पितळी गंज, म्हणजे पातेलं, रिकामं करून गाडीखाली लावलं, उद्धवभाऊजी खाली सरपटले, आणि आतून म्हणाले, "दादा, पाना दे." दिवाकरभाऊजींनी पाना दिला. तापलेलं नवं तेल माझ्या गंजात पडत राहिलं. गंज वाया गेलं. सासूबाईंचं होतं. मी काही म्हटलं नाही. मग नट आवळला, कांडी दोघांनी मिळून पाहिली, हा म्हणाला बरोबर आहे, तोही म्हणाला बरोबर आहे, आणि तरी पुन्हा एकदा पाहिली.

मी झाडाखालीच बसले होते. आता माझ्याकडे कोणाचाही निरोप नव्हता. अशी रिकामी मी किती वर्षांत बसले नव्हते. मला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पत्र वगैरे कशाला?

"भाऊजी," मी दोघांना मिळून म्हटलं, "मी सांगलीहून परत येणार नाही."

मला वाटलं होतं, दोघं चमकतील. उद्धवभाऊजी हात पुसत होते, पुसतच राहिले.

"माहीत आहे, वहिनी," दिवाकरभाऊजी म्हणाले. "देवघर मोकळं दिसलं मले. तवाच समजलो."

"मले छायानं सांगतलं, घराची चावी तुमी तिच्याजवळ देल्ली म्हणून," उद्धवभाऊजी म्हणाले. "बाळंतपणाले जाणारी बाई कुलूप लावून चावी कमरेले ठेवते."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. हा त्याला बोलला नाही, तो याला बोलला नाही, आणि दोघं रात्रंदिवस एका गाडीत पाणी, हवा, तेल भरत राहिले. मला पोचवायचं होतं म्हणून.

  आता यांच्यापैकी एक जण म्हणेल, असं मला वाटलं. उद्धवभाऊजींनी तोंड उघडलंही. दिवाकरभाऊजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उद्धवभाऊजींनी तोंड मिटलं, खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि माझी ट्रंक नीट सरकवायला गाडीकडे गेले.

"चला वहिनी," दिवाकरभाऊजी म्हणाले. "लेक वाट पाहत असन."

राहा, असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी राहिले असते, आणि ते त्या दोघांनाही ठाऊक होतं.